पत्र्याखालचा फोम

परवेझ,

अब्बांना घेऊन मी काष्टीला खालाकडे चाललेय. लगेच फोन करू नकोस, आधी हे नीट वाच.

वरच्या खोलीत पत्र्याखाली तू फवारून घेतलेला फोम अजून उघडाच आहे. सुप्याला आमच्या कंपनीत असा फोम मारला की त्यावर जिप्समचे बोर्ड ठोकल्याशिवाय तिथं कुणाला बसू देत नाहीत, हे तुला तीनदा सांगितलं. तुझं आपलं एकच, "आपा, डब्यावर आगरोधक लिहिलंय!" आज सकाळी उरलेल्या तुकड्याला अंगणात काडी लावली. भसकन पेटला आणि काळ्या धुरानं माझा जीव घुसमटला, तेही उघड्यावर. अब्बांना तर जिनाही धड उतरता येत नाही.

बोर्ड आजच आणून बसव, सांध्यात फट ठेवू नकोस. तोवर वर वेल्डिंग तर सोडच, अगरबत्तीसुद्धा नको. कालवण फ्रिजमध्ये आहे.

अब्बांना तो जळका तुकडा दाखवला, तरी ते वरच पडून राहणार होते. म्हणाले, "मला उकडू नये म्हणून पोरानं केलंय, त्याला वाईट वाटेल." हात धरून खाली आणावं लागलं त्यांना.

रुमाना