दगडावरचं साल

बॅलीरो, मंगळवार

नाही हो वन्सं, दगड फुटलेला नाही, बिशपसाहेब आजारी नाहीत, आणि मीही कुठे घसरून पडलेले नाही. आपल्या जोहानाने फोनवर तुम्हाला "आईने दगडाचा घोळ घातलाय" एवढंच सांगून पुढचं माझ्यावर सोडलं, यात मला नवल नाही. माझी लेक आहे, पण बोलण्यात तुमच्यावर गेली आहे. तर आधी तुमच्या गुडघ्याला माझा नमस्कार, आणि कॉन्व्हेंटातल्या बाकीच्या सिस्टर मंडळींच्या गुडघ्यांनाही. माझी झोप सोडली तर बाकी सगळं ठीक आहे. बटाटे यंदा बरे आलेत. तुमच्या भावाच्या कबरीवर गवत वाढलं होतं, ते मी काढलं. (कॉन जिवंतपणीही महिनोन्‌महिने केस कापून घ्यायचा नाही.)

आता घोळ. तुम्हाला ठाऊक आहे की आपली खापरपणजी जोहाना आयर्लंडातल्या क्लेअरहून जहाजात बसून इथे ऑस्ट्रेलियात आली, अकरा पोरं काढली, आणि गेली सव्वाशे वर्षं आपल्या दफनभूमीत दगडाविना पडून आहे. येत्या रविवारी तिच्यावर दगड बसतोय. साठ माणसं येणार, मेलबर्नहून बस येणार, बिशपसाहेब पाणी शिंपडणार आणि फडकं तुम्ही ओढणार. दगडावर तिचं नाव आणि जन्मसाल, बस. नाव सोपं होतं. सालासाठी मी वॉर्नम्बूलच्या लायब्ररीत दर मंगळवारी बसने जात होते. तिथल्या थेल्मा पॅस्को बाईंनी मला जुन्या नोंदी दाखवणाऱ्या मशीनपुढे बसवलं. (बाई कॉर्नवॉलच्या घराण्यातल्या, चर्चही दुसरं, पण मनाने चांगल्या.)

वन्सं, ही बाई कागदावर कशी वागलीय म्हणून सांगू. जहाजाच्या यादीत, अठराशे पंचावन्न साली, वय अठरा. तीन वर्षांनी लग्नाच्या नोंदीत वीस. पुढे प्रत्येक बाळंतपणाला ती थोडी थोडी तरुण होत गेलीय, आणि मेली तेव्हा तर तिचा थोरला मुलगा तिच्यापेक्षा जेमतेम सोळा वर्षांनी लहान होता. थेल्माबाई म्हणाल्या, "मिसेस हॅनरहान, यातलं खरं कोणतं?" म्हटलं, "बाई, सरकार फुकट आणत होतं ते तरण्या पोरींना, आणि नवरेही तरण्याच मागत होते. तुम्ही असतात तर खरं सांगितलं असतंत?" त्या लाजल्या. म्हणजे त्यांनीही कुठेतरी दोन वर्षं खाल्लेली आहेत.

म्हणून मग क्लेअरच्या पाद्र्याचं बाप्तिस्म्याचं पुस्तक. ते आता पडद्यावर दिसतं, अक्षर कोंबडीच्या पायांचं, भाषा लॅटिन. शाळेत सिस्टर इग्नेशिया पट्टी मारून जे लॅटिन पाठ करून घ्यायच्या ते एवढ्या वर्षांनी असं कामाला आलं. आणि सापडली. जोहाना, बाप पॅट्रिक, आई मॉरा, साल अठराशे चौतीस. मी दगड घडवणाऱ्या गसला साल दिलं, गसने गेल्या गुरुवारी कोरलं. आणि शुक्रवारी, केवळ चाळा म्हणून तीन पानं पुढे गेले, तर तिथे पुन्हा जोहाना. तोच बाप, तीच आई, तेच गाव. साल सदतीस.

थेल्माबाई म्हणाल्या की पाद्र्याने चुकून दोनदा लिहिलं असेल. पण तुम्हाला मी काय सांगायचं. आपल्यात पहिली गेली की पुढच्या मुलीला तेच नाव. अठरा वर्षांची होऊन जहाजात चढली ती सदतीसची. चौतीसची इथे आलीच नाही. ती तिथेच, पाळण्यातून उठून कुठल्याशा दफनभूमीच्या भिंतीआड गेली.

म्हणजे दगड एकीच्या अंगावर आणि साल दुसरीचं. तेव्हापासून मला घास जात नाही. गसला विचारलं, चाराचा सात होईल का. तो म्हणाला, "होईल, पण आधी चार बुजवावा लागेल, आणि बुजवलेला दगड लांबून ओळखू येतो, मिसेस हॅनरहान." आपली जोहाना म्हणते, रविवार पुढे ढकल. साठ माणसांना काय कळवू? आणि खरी धास्ती बिशपांची नाही, तुमची. चाळीस वर्षं पोरींना गणित शिकवलंत तुम्ही. चर्चने छापलेल्या कागदावर ती अठराव्या वर्षी पंचावन्न साली आली असं आहे. तुम्ही फडकं ओढाल, आकडा बघाल, आणि हातातली दोरी न सोडता सगळ्यांदेखत वजाबाकी कराल.

तुमची वहिनी,
डीलिया

ता. क. मागच्या ईस्टरला बटाट्याच्या पोळ्या दिल्या तो डबा आणा. झाकणासकट.

ता. क. २. रविवारी चष्मा कॉन्व्हेंटातच विसरा. एवढंच मागणं आहे, त्यासाठीच पत्र. कुणी सालाबद्दल कुजबुजलं तर म्हणा, मला काही दिसत नाही, वहिनीने बघितलंय. तुमच्यावर कुणी शंका घेणार नाही.

ता. क. ३. पत्र बंद केलं होतं, पुन्हा उघडलं. ती दुसरी नोंद मला शुक्रवारी सापडली नाही. मार्चमध्येच सापडली होती. गसला चौतीस मी जाणूनबुजून दिलं. आपल्या जोहानाच्या आधी कॉनला आणि मला एक जोहाना झाली होती, चार दिवसांची. तुम्ही तेव्हा नुकत्याच कॉन्व्हेंटात गेला होतात, तुम्हाला कुणी कळवलं नाही. वर्षाने दुसरी झाली, तुमच्या आईने तेच नाव ठेवायला लावलं, आणि त्यानंतर पहिलीला हाक मारायला आमच्याकडे नावच उरलं नाही. तिला दगड नाही, चौतीसच्या त्या पहिल्या जोहानालाही नव्हता. म्हणून साल चुकलेलं नाही, वन्सं. दुरुस्त करू देऊ नका.