दुसरी कॉपी

११ जुलै, गुरुवार

टक. टक. टक. मग गप्प. मग परत टक.

हार्ड डिस्क गेली बहुतेक. 

सकाळी दुकान उघडत नाई तोच पलीकडल्या गावचा आदेश नावाचा पोरगा दारात. डोळे सुजलेले. म्हणलं, काय झालं रे? "आबा गेले ताई. तेरवीले फोटो पाह्यजे." आबा म्हणजे त्याचा बाप, नानाजी. धडधाकट माणूस, उन्हाळ्यात बाजारात भेटला होता.

आमच्याकडं जित्या माणसाचा फोटो कोणी काढत नाई. मेल्यावर धावतात. मग मी कोणत्या तरी लग्नातून माणूस कापून काढते — पंगतीतून, मांडवाच्या खांबामागून — मागं निळं आभाळ लावते, चौकट लावते. मुलचेऱ्यात कितीक घरांच्या भिंतीवरची माणसं मीच कापली आहेत. नानाजीच्या पोरीच्या लग्नाचे फोटो आमचेच. घरून डिस्क आणली, दुकानातल्या कम्प्युटरले लावली, अन् ही टकटक.

नियम मले पाठ आहे. आवाज आला का वायर काढा, परत लावू नका. दुसऱ्यांले मीच सांगते. तरी परत लावली. अन् परत. अन् परत.

लग्नं जाऊ दे खड्ड्यात! आमच्या करिष्माचं फोल्डर त्यातच आहे. पोरगी जाऊन चार पावसाळे झाले. लहानपणापासूनचे तिचे सारे फोटो त्या एका डब्यात. तिचा मोबाईल मेला, आता चालूही होत नाई. कागदावर एक पासपोर्ट साईज आहे, बारावीच्या फॉर्मचा. त्यात ती ती नाईच. लोकांचे अल्बम केले, घरचा करू करू म्हणत राह्यलं.

दुसरी कॉपी नाई.


१२ जुलै

नाई लावली. हात शिवशिवत होता.


१३ जुलै

आदेशनं मोबाईलवर एक फोटो आणला. त्या लग्नात कोण्या पाहुण्यानं काढलेला. हे पाहुणे नेमके माझ्यासमोर मोबाईल धरून उभे राहतात, नवरी दिसू देत नाई. कितीकांले शिव्या घातल्या मी! आता त्यातलाच एक कामी आला. पण व्हॉट्सअॅपवर दहा जणांच्या हातून फिरून पार चिपाड झालेला. मिशी कुठी, ओठ कुठी, समजत नाई.

म्हणलं, "ज्यानं काढला त्यालेच माग. अन् डॉक्युमेंट करून धाड म्हणा. फोटो म्हणून धाडलं का व्हॉट्सअॅप त्यातला जीव काढून घेते."

दुपारी आलं डॉक्युमेंट. चांगलं होतं. नानाजी पंगतीत बुंदी वाढून राह्यले. बुंदीची बादली कापली, आभाळ लावलं.

"कोट घालू का रे?"

"आबाले कोट? जल्मात घातला नाई ताई बुढ्यानं."

"मेल्यावर सारेच घालतात."

"मग माय ओळखणार नाई. म्हणन, हा कोणता साहेब आणला घरी!"

हसलो दोघंही. मयताच्या घरचा माणूस अन् मी. बिनकोटाचा दिला.

जाताना दुकानातल्या भिंतीकडं पाहून म्हणते, "तुमच्या पोरीचा नाई दिसत ताई कुठी?"

नाई लावला. लावणार नाई. आमचे हे किती मागं लागले होते — एक लाव, एकच. मी म्हणलं, ज्या दिवशी हार घालीन त्या दिवशी ती मेली. घरात तिच्या फोटोचं नाव काढायचं नाई. मी फोल्डर उघडलं नाई, यांलेही उघडू दिलं नाई. मग यांची शुगर डोळ्यात उतरली, पडदे खराब झाले, कॅमेरा सुटला अन् दुकान माझ्या गळ्यात आलं. तेव्हापासून फोटोचं मागणंही बंद. बरंच झालं म्हणलं.


१५ जुलै

साऱ्या गावाले डिस्क दुरुस्त करता येते! किराणावाला म्हणते, फ्रीजमध्ये ठेवा. शेजारची रोशनी म्हणते, "काकू, तांदळात घाला, माझा मोबाईल तसाच वाचला." तांदूळ खायचा असते बाप्पा! मागच्या साली एका दीडशहाण्यानं कॅमेरा तांदळाच्या कोठीत ठेवला, सारा कोंडा लेन्सच्या कडेले जाऊन बसला. फिरवलं का करकर करते. त्यापेक्षा बुरशी परवडली.

पावसाळ्याले एकच इलाज. पत्र्याची पेटी, आत छोटा पिवळा बल्ब, दिवसरात्र चालू. ही यांची युक्ती, डोळे होते तेव्हाची. लोक महागाचे डबे घेतात. आमच्या लेन्सले अजून बुरशीचा ठिपका नाई. डिस्कही त्याच पेटीत राहते, करिष्माच्या ओढणीत गुंडाळून.

पण कोरडं ठेवून काय होते? कॉपी एकच असली का ती गेलीच समजा. कॅमेऱ्याचं कार्ड पुसायच्या आधी फोटो दोन जागी उतरवा, एक घरी, एक बाहेर — नवीन पोरं कॅमेरा घेऊन विचारायले येतात, त्यांले हेच सांगते. या दोन वर्षांतली लग्नं माझी दोन जागी आहेत. जुनी डिस्क तेवढी राह्यली. ती उतरवायची म्हणलं का ते फोल्डरही डोळ्यासमोरून जाणार. मग आज नको, पुढच्या हप्त्यात.

डिस्क पेटीतून काढली तेव्हा ओढणीची गाठ भलतीच होती. मी अशी मारत नाई. घाईत मारली असन.

यांले सांगितलं. म्हणाले, "गेली ते गेली."

एवढंच! बापाच्या तोंडात एवढंच! दगड आहे का माणूस? ताट आपटलं समोर अन् निघून आली.


१८ जुलै

पूल पाण्याखाली. चंद्रपूरची बस नाई. डिस्क उशाशी घेऊन बसली आहे.


२३ जुलै

गेली एकदाची चंद्रपूरले. आष्टीपर्यंत रस्ता म्हणजे नुसते खड्डे. डिस्क मांडीवर, दोन टॉवेलात. बाजूची बाई म्हणते, बाळ आहे का? म्हणलं, हाव.

जाहिदचं कम्प्युटरचं दुकान बोळात आहे. यांच्या जुन्या ओळखीचा. कार्डं आम्ही त्याच्याकडूनच घेतो. बाजारात नाव मोठ्या कंपनीचं अन् आत भुस्सा, अशी कार्डं कितीक मिळतात. जाहिदनं तसलं कधी गळ्यात मारलं नाई. त्यानं डिस्क हातात घेतली, फिरवली, कानाशी नेली.

"भाभी, ये गिरी है."

"पडली नाई. तिले कोणी हातच लावत नाई."

"कोना देखो."

पाह्यला. खरंच एक कोपरा चेपला होता. नखाएवढा.

"पेटीतून उंदरानं पाडली असन."

"पेटी उघडून? मग त्या उंदराले दुकानात कामाले ठेवा भाभी!"

तो हसला. मले नाई हसू आलं. मग त्यानं पडल्यावर किती वेळा लावली, विचारलं. खोटं सांगितलं — एकदाच. त्यानं नुसतं माझ्याकडं पाह्यलं.

"आत सुई असते भाभी. ते टकटक म्हणजे सुई घासून राह्यली. जितक्या वेळा लावाल तितकं खरडते."

म्हणजे पाडली कोणी तरी, अन् खरडली मी.

नागपूरले त्याच्या ओळखीचे आहेत, तिथं उघडतात, धूळ नसलेल्या खोलीत. पण भरवसा नाई म्हणाला. जोवर चालन तोवर काढतील, डिस्क मधीच मरून जाईन. "पहले क्या निकालना? शादियाँ? के कोई एक फोल्डर?"

त्या लग्नांत कितीक म्हातारी माणसं बसली आहेत. अजून जिती आहेत. त्यांची पोरं उद्या येतील माझ्या दारात, आदेशसारखी. सगळं डोक्यात आलं. तरी म्हणलं —

"करिष्मा."

चार वर्षांत बाहेरच्या माणसासमोर पहिल्यांदा नाव घेतलं.


२४ जुलै

यांले म्हणलं, डिस्क पडली होती म्हणे. वरणात भात कालवत राह्यले. मान वर नाई.


३० जुलै

जाहिदनं पेन ड्राइव्ह बसच्या कंडक्टरजवळ धाडला. फोन करून म्हणाला, "भाभी, जो मिला वो मिला. दिल बड़ा रखो." लग्नं सारी गेली.

दुकानात नाई लावला, लोकांसमोर नाई. घरचा जुना लॅपटॉप आहे, यांच्या डोळ्यांबरोबर तोही कपाटात गेला होता. हे ओसरीवर बसले होते. मी आतून कडी लावली अन् कपाट उघडलं.

लॅपटॉपवर धूळ नाई. दाबलं तर चालू! बॅटरी भरलेली. मी तर त्याले हातही लावला नाई इतक्या दिवसांत. उजेडात काच तिरपी केली. मधोमध तेलकट डाग. एक नाई, डागावर डाग. नाकाचे. कपाळाचे. कोणी तरी काचेले तोंड चिकटवून पाहत होतं, रोज. अन् खालचं उजव्या बाणाचं बटण घासून गुळगुळीत, त्यावरचा बाण दिसतही नाई.

ओढणीची गाठ. कोपरा. गेली ते गेली.

दुपारी मी दुकानात असते. घरात एकच माणूस असते.

मग फोल्डर उघडलं. काही फोटो उघडतच नाईत. जे उघडतात ते वरून थोडे, खाली सारा राखाडी रंग, नुसती राख. कपाळ आहे, भुवया आहेत, एखाद्यात डोळे, मग राख. कोणत्याच फोटोत पोरगी पुरी नाई.


३१ जुलै

 स्वयंपाक केला. ताट ठेवलं. आपटलं नाई.


१ ऑगस्ट

"तुम्ही पाडली."

"हाव."

"काऊन सांगितलं नाई?"

"कोणाले सांगू? तू नाव काढू देत होती का?"

आदेश यायच्या आदल्या दिवशी बाजारात मन लागलं नाई म्हणून मी लवकर घरी आली होती. फाटकाचा आवाज ऐकून हे घाईघाईनं गुंडाळायले गेले. डिस्क पलंगावरून सुटली. हातानं चाचपून शोधली, बांधली, पेटीत ठेवली. हे सारं असं सांगितलं जसं काही गिऱ्हाईकाची तक्रार लिहून घेऊन राह्यले.

मले राग आला. यायलाच पाह्यजे होता. म्हणलं, "दिसते तरी का तुम्हाले? कायले बसत होते?"

"तोंड नाई दिसत. डाव्या डोळ्याच्या काठाले उजेड दिसते. बाण दाबलं का उजेड बदलते. उन्हातला फोटो पांढरा येते, लग्नातला पिवळा. मग समजते कोणता आहे ते."

रागाचं काय करावं, समजलं नाई. लॅपटॉप आणला अन् बाजूले बसली.

बंगाली वस्तीतल्या लग्नातला एक फोटो होता. करिष्मा यांच्या कॅमेऱ्यासाठी लाईट धरून उभी राहायची सिझनभर, तेव्हाचा. डोळ्यांपर्यंत आहे, खाली राख. राखेचं सांगायचं नाई असं ठरवलं. आंधळ्याले काय समजते! म्हणलं, "लाईट धरून उभी आहे. लाल ड्रेस घातला आहे —"

"हिरवा."

मी परत काचेकडं पाह्यलं. राखच.

"खालचं गेलं ना, रंजीता?"

मी लॅपटॉप यांच्याकडं सरकवला.

"हिरवा ड्रेस. एकाच पायात चप्पल. दुसरी चिखलात फसली होती. तू मांडवातून ओरडून राह्यली होती, लाईट वर धर गधडे! म्हणून हसते ती. त्याच्यानंतरचा फोटो नदीवरचा. पाठमोरी आहे. त्याच्यानंतर तू चुलीजवळ, अन् ती तुझ्या पदराले नाक पुसून राह्यली."

एकामागं एक सांगत गेले. मधी श्वास घ्यायले थांबत होते. हात मांडीवर, एक बोट हलत होतं. बाण दाबून राह्यले होते.

मी यांच्याकडं पाहत होती. पायाले सूज आहे. डॉक्टर म्हणते, शुगर आता किडनीत उतरली. हाही डबा जुनाच आहे. अन् हाही एकच.


४ ऑगस्ट

फोटो पहिला. हे सांगतात, मी लिहिते.

करिष्मा अंगणात, दीड वर्षाची. डोक्यावर टमरेल घातलं आहे, टोपीसारखं. मागं दोरीवर माझं निळं पातळ. उजव्या हातात शेंगदाणे, मूठ उघडत नाई. खाली कोपऱ्यात यांची सावली, कॅमेरा धरलेली.

यांच्या डोक्यात अन् या वहीत, दोन जागी झाला.

म्हणलं, दाबा बाण.