सुमनच्या नावची मूठ

१० ऑगस्ट १९६१, गुरुवार

सुमनच्या गेल्या सालच्या वहीत अकरा पानं कोरी निघाली. ती मी घेतली.

चक्कीचं इंजिन बंद. पट्टा नंदुरबारहून येईल तेव्हा येईल. घरी येऊन घट्यावर बसले, दोन शेर ज्वारी दळली. जात्याचा खुंटा धरला तर हात आपोआप फिरला. घरघर भिंतीपलीकडे गेली असणार. पलीकडे जेठ-जेठाणी, म्हणजे यांचे थोरले भाऊ आणि जाऊ. घर एकच होतं, हे गेल्यावर मधे भिंत आली.

तिसऱ्या प्रहरी जेठाणी दारात.

"चांगला चालस वं तुन्हा घट्या."

म्हटलं, हो. उंबऱ्यातूनच दगडाकडे बघत उभी राहिली, मग गेली. कानबाईचा सण दहा दिवसांवर. तिच्या नैवेद्याच्या जाड पोळीचं, रोटाचं पीठ चक्कीचं चालत नाही. मी काय ते समजले.

१२ ऑगस्ट

सगळ्या गल्लीत चालता घट्या आता माझाच. चक्की आली तसे बाकीच्यांनी दगड बाहेर काढले. जेठाणीचा खालचा दगड मोरीत, धुणं आपटायला. वरचा गोठ्यात गव्हाणीला टेकण.

माझा मायचा आहे. बाबांनी सारंगखेड्याच्या यात्रेतून आणला. गेले होते घोडा बघायला. माय मरेपर्यंत सांगायची, "घोडं देखाले गयतात आन धोंडा ली उनात." बाबा हसायचे. मायच्या हाताला घट्टे. ती नाही हसायची.

माहेरच्या, रनाळ्याच्या त्या घरातलं काय काय आठवतं. तुटक्या काचेची चिमणी. शिंक्यावरचं ताक. भावाची पाटी, लाकडी चौकट निघालेली, सुतळीने बांधलेली. तो घट्याजवळ बसून मोठ्याने वाचायचा, माय आणि मी दळायचो. तो जे अक्षर म्हणायचा ते मी सांडलेल्या पिठात बोटाने काढायची. मायने हातावर मारलं. पीठ खेळायला नाही. मग ती भरायला उठली की काढायची. असं आलं वाचायला. पुढे वाण्याच्या पुड्यांचे कागद.

भाऊ चौथीत दोनदा बसला. पाटी त्याचीच राहिली.

१३ ऑगस्ट, रविवार

जेठ माझ्याशी बोलत नाहीत, रीतच आहे. सुमनशी बोलतात आणि मला ऐकू येईल असं बोलतात. अंगणात उभे राहून म्हणाले,

"सुमन, तुन्ही मायले इचार, घट्या कव्हय उचलूत?"

मी आतून सु.ला म्हटलं, विचार त्यांना, दळायला कोण बसणार?

जेठाणीनेच उत्तर दिलं. "आम्ही बसूत. तू हात नको लावजो. तुले माहीत शे."

माहीत आहे. विधवेचा हात रोटाला चालत नाही. विधवेच्या मायचा दगड चालतो.

१४ ऑगस्ट

घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचा, त्याचं पीठ, त्याचा रोट. जेठांची, त्यांच्या दोन मुलांची आणि यांची, अशा चार मुठी असायच्या. हे वैशाखात गेले. त्या श्रावणात मी भिंतीला टेकून बघत होते. जेठाणीने तीन मुठी टाकल्या आणि हात लुगड्याला पुसला. चौथी येईल म्हणून मी थांबले होते. का थांबले होते कोण जाणे.

मेलेल्याची मूठ नसते. ते कबूल. पण त्यांच्या माघारी कोणी आहे की नाही?

१५ ऑगस्ट

सु. शाळेत झेंड्याला गेली. आली तेव्हा मी ठरवलं होतं. तिलाच पाठवलं पलीकडे. सांग, घट्या न्या, पण सुमनच्या नावचीही सव्वा मूठ टाका.

ती गेली नाही. म्हणाली, "आई, हे मी कसं मागू?"

खरं आहे. तेरा वर्षांच्या पोरीने आपलं नाव आपणच मागायचं? मग मी गेले, पदर कपाळाखाली ओढून. जेठ खाटेवर होते. मी दाराच्या चौकटीशी बोलले.

जेठाणी म्हणाली, "पोरीस्ना नावनी मूठ कोनी टाकस? उद्या ती दुसराना घर जाई."

म्हटलं, जाईल तेव्हा काढा. आज ती कोणाच्या घरात आहे?

जेठ छताकडे बघून म्हणाले, "घट्या काय हिना एकलीनाच शे का गावमा?"

एकटीचाच आहे. म्हणून तर.

शाळेच्या पटावर तिच्या नावापुढे बापाचं नाव चालतं. रोटात चालत नाही.

१७ ऑगस्ट, गुरुवार

नागपंचमी झाली. पलीकडे मोरीतून दगड उपटला. वरचा गोठ्यातून आणला. सुताराने नवा खुंटा बसवला. मला कोणी काही बोललं नाही, पण धाकट्या पोराला जेठाणी मोठ्याने म्हणाली, "व्हई जाई आपलं. कोनाना पाया पडाले नही जानं."

१८ ऑगस्ट

पलीकडे दगडाला टाकी लावायला टाकारी आला. दुपारभर छिन्नी. टक टक टक. साबणाने गुळगुळीत झालेला दगड, खोल टाके घालावे लागले असणार.

टाकी लावलेल्या घट्यावर लगेच खायचं दळत नाहीत. आधी धुवायचा. मग दोन-तीनदा भरड काढून गुरांना घालायची. हातावर पीठ घेऊन जिभेला लावून बघायचं, दगडाची कच लागते का. माय असं बघायची, डोळे मिटून. या घरात सासूनंतर ते काम माझ्याकडे होतं. जेठाणीने कधी केलं नाही. तिच्या वाट्याला आयतं पीठ यायचं, मग चक्की आली.

१९ ऑगस्ट, शनिवार

सकाळपासून पलीकडे दळण आणि गाणी. थेट रोटाच्या गव्हावरच बसल्या. दगडाला दगड लागल्याचा आवाज वेगळा, भिंतीतूनही कळतो.

सु.लाही कळला. "आई, त्यांनी भरड काढली नाही. सांगून येऊ?"

मी म्हटलं, "तुला कोणी विचारलं?"

ती बसली. मी निवडून झालेली डाळ परत निवडली. चार पावलांवर दार होतं. कानबाईचं पीठ आहे, माणसांचं नाही, असं मनात आलं. तरी उठले नाही.

२० ऑगस्ट, रविवार

रोट.

जेवायला बोलावलं, बोलवावंच लागतं. जेठांनी पहिला घास घेतला आणि तोंड थांबलं. मग हळूहळू चावलं. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. जेठाणीने खाल्लं, खाली बघितलं. थुंकता येत नाही. टाकता येत नाही. बाहेरच्याला देता येत नाही. भाऊबंदांतच संपवायचा, पौर्णिमेपर्यंत.

नुसता दातांचा आवाज.

मला वाटलं होतं बरं वाटेल. थोडं वाटलंही. मग सु.कडे बघितलं. तिच्या नावची मूठ नव्हती, खडे होते. पाणी न घेता गिळत होती.

२२ ऑगस्ट

काल विसर्जन झालं. जेठांचा हलता दात आज पडला. धाकटा पोरगा पोट धरून आहे. रोट अजून टोपलीभर. सु. भरड सांगायला उठली होती, मी बसवली. ती ते बोलत नाही. न बोलणं माझ्याकडून शिकली.

हे असते तर म्हणाले असते, जाऊ दे. त्यांचं सगळंच जाऊ दे असायचं. भिंतही त्यांनी जाऊ दे म्हणत घालू दिली असती.

२४ ऑगस्ट, गुरुवार

सकाळी जेठाणी आली. पहिल्यांदाच उंबरा ओलांडून बसली, घट्याजवळ. दगडावर हात ठेवला.

"तुले माहीत व्हतं ना?"

मी चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"बोल ना वं. टाकारी उना तव्हयपासून तुले माहीत व्हतं."

म्हटलं, हो.

रागावली नाही. हाताकडे बघत राहिली. तिच्याही हाताला फोड आले होते, नव्या खुंट्याचे. म्हणाली, "पुढला सालले हाऊच घट्या लागी."

"आणि मूठ?"

तिने दगडावरचं पीठ बोटाने गोळा केलं. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. कानबाईपुढे झालेली चूक तिची की माझी, हेही दोघींनी काढलं नाही. मग उठली, गुडघ्यावर हात देऊन. आता तीही म्हातारी होत चालली.

ती गेल्यावर सु. आतून आली. "मोठी आई काय म्हणाली?"

"अजून काही नाही," म्हटलं.