शिट्टीच्या आधी उभं राहायचं

मंगळवार, १२ नोव्हेंबर

आदरणीय सर,

सादर नमस्कार. तुमची तब्येत बरी असेल. काकूंचा गुडघा आता कसा आहे? त्यांना म्हणावं, जिना चढायची घाई नको. तुमच्या घरात दुखणं अंगावर काढायची सगळ्यांनाच सवय, म्हणून आधीच सांगते. माझं ठीक चाललंय. शाळेत परीक्षा आहेत, त्यामुळे मैदान रिकामं आणि खेळाच्या बाईंना वर्गावर पहारा. दिवसभर कुणाची मान कुठे वळते ते बघत बसते. काम पंचाचंच, फक्त शिट्टी नाही.

उपांत्य सामना जिंकल्याबद्दल अभिनंदन. त्या दिवशी मीच मुख्य पंच, त्यामुळे जवळ येऊन बोलता आलं नाही. चार सेकंद उरलेले असताना शिडीने डाव्या हाताने टाकलेली ती बास्केट! तिचं खरं नाव आता कॉलेजच्या हजेरीपटातच उरलं असेल. एवढी उंच मुलगी इतकी हलकी वळते, ही तुमचीच करामत.

शिडी बरी आहे ना? तिसऱ्या सत्रात पडली होती, म्हणून सहज विचारलं. तिने लगेच अंगठा वर केला म्हणा. तुमच्या मुली करतातच. ‘पडणं खेळात आहे, पडून राहणं नाही. शिट्टीच्या आधी उभं राहायचं आणि पंचाला अंगठा दाखवायचा.’ पहिल्या दिवशी पहिला धडा हाच, चेंडू नंतर हातात यायचा. पंचाने खेळ थांबवला आणि औषधाची पेटी आत आली की खेळाडूला बाहेर बसावं लागतं, आणि बाकावर बसलेल्या मुलीला तुम्ही ‘लाकूड’ म्हणायचात. लाकूड व्हायची आम्हाला हाड मोडण्यापेक्षा जास्त भीती वाटायची.

शनिवारच्या अंतिम सामन्यालाही माझीच नेमणूक आहे. फार आनंद झाला, असं लिहिणार होते. पण तीन दिवस जेवणावर वासना नाही. परीक्षेची दगदग असेल.

तिला डॉक्टरांना दाखवलंत का, एवढं दोन ओळींत कळवा. काकूंना नमस्कार.

तुमची विद्यार्थिनी


शुक्रवार, १५ नोव्हेंबर

सर,

शिपायाच्या हाती पाठवलेली तुमची चिठ्ठी मिळाली. ‘ती ठणठणीत आहे. तू शिट्टी सांभाळ, मी संघ सांभाळतो.’ अक्षर अजून तेवढंच सुरेख आहे.

मागच्या पत्रात मी नुसती गोल गोल फिरले. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. आज सरळ लिहिते.

मध्यंतरात पाण्याच्या टाकीपाशी तुम्ही मला गाठलंत. मी पेला भरत होते. तुम्ही हसत म्हणालात, “तुझी शिट्टी आज फार बोलते गं. पोरींना खेळू दे जरा.” ना धमकी, ना विनंती. दुसरं कुणी असतं तर मी तिथल्या तिथे तक्रार लिहिली असती. पण ज्यांनी मला बुटाच्या नाड्या नीट बांधायला शिकवल्या, त्यांच्यापुढे पंचाच्या शर्टाचं काही चालत नाही. मी “हो सर” म्हणाले. ‘हो सर’ म्हणणारी पंच!

त्यानंतर मी फाउल सोडायला लागले. तुमच्याच संघाचं सोडलं असतं तर डोळ्यांवर आलं असतं, म्हणून दोघांचंही सोडलं. ढकलणं सोडलं, कोपर सोडलं. आज बाई काही बोलणार नाहीत, हे समोरच्या संघाच्या लक्षात यायला पाच मिनिटं पुरली. त्यांच्याही कोपरांना धार आली. त्यातलंच एक शिडीच्या कानाच्या वर बसलं आणि तिचं डोकं लाकडी जमिनीवर आपटलं. गुरूची विद्या गुरूला फळली म्हणतात, पण इथे भोगलं तिने.

तो आवाज मी ऐकला. मी तीन पावलांवर होते, शिट्टी ओठांत होती. आणि अंगठा वर आला. सर, तिचे डोळे उघडायच्या आधी अंगठा वर आला. मी खेळ चालू ठेवला. तोंडात शिट्टी असून मूग गिळून बसलेली पंच त्या दिवशी सगळ्या प्रेक्षकांनी पाहिली.

पुढच्या टाइम-आउटला ती समोरच्या संघाच्या बाकाकडे चालायला लागली. कुणीतरी जर्सी धरून तिला वळवलं. लोक हसले. तुम्हीही हसलात. मी घड्याळाकडे बघत राहिले.

काल तुम्ही कार्यालयात असताना मी सरावाच्या हॉलमध्ये येऊन गेले. शिडी दिव्यांकडे पाठ करून भिंतीशी बसली होती. मी विचारलं, “शेवटची बास्केट डाव्या हाताने का टाकलीस गं?”

ती हसली. “सर म्हणतात, फार छान टाकली.”

“आणि तुला काय वाटतं?”

“मी व्हिडिओ बघितला ना बाई. छान आहे.”

“डोकं दुखतं का?”

तिने अंगठा वर केला.

आता मी वीस वर्षं कुणाला न सांगितलेलं सांगते. तुमच्या खुर्चीमागे भिंतीवर जो फोटो आहे, करंडक डोक्यावर धरलेली मी, तो दिवस मला आठवत नाही. मध्यंतरानंतरचं काहीच नाही. चौदा गुण केले म्हणतात. आई सांगते, घरी आल्यावर मी तिला तीनदा विचारलं, “आई, मॅच किती वाजता आहे?” तिला वाटलं, पोरगी आनंदात थट्टा करते आहे. मी अंगठा दाखवला असणार. कुणाला, कधी, मला ठाऊक नाही. पुढच्या मोसमात मी आले नाही तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, हिचा खेळातला जीव गेला. मला दिवे सहन होत नव्हते, सर. आई वर्षभर खिडक्यांना जाड चादरी लावायची. आजही पेपर तपासताना अक्षरं हलायला लागली की मी वही मिटून बसते.

तेव्हा उशिरा का होईना, मला ज्यांनी तपासलं, त्या डॉक्टरांना मी बुधवारी भेटले. ते म्हणाले, पहिला मार बहुतेक भरून येतो. तो भरायच्या आत दुसरा बसला, तर तो बारीकसाही पुरतो. काही मुलं चार पावलं चालतात आणि मग पडतात. ती उठत नाहीत.

मी शिट्टी हातात घेतली ती एवढ्यासाठी, की दुसऱ्या कुणाचा तसा अंगठा मला ओळखता येईल. ओळखला, आणि तरी गप्प बसले. याची मला लाज वाटते.

आज सकाळी स्पर्धेच्या समितीला सगळं लिहून दिलं. पाण्याच्या टाकीपाशी झालेलं बोलणं, सोडलेलं कोपर, सगळं. वाटलं होतं, ते शिडीला बसवतील. त्यांनी मला बसवलं. तिच्याबद्दल म्हणाले, कॉलेजच्या डॉक्टरांचं पत्र आहे, प्रशिक्षकांचा शब्द आहे. तिला आत बोलावून विचारलंही. तिने काय केलं ते तुम्हाला सांगायला नको.

उद्या माझ्या जागी तुमचीच एक धाकटी विद्यार्थिनी येणार आहे, माझ्यानंतर चार वर्षांनी तुमच्याकडे शिकलेली. चांगली पंच आहे. पण तिचाही पहिला धडा तोच. ती अंगठा बघेल आणि खेळ चालू ठेवेल. मी खरं बोलायला गेले आणि खेळ थांबवू शकणारी एक शिट्टी होती, ती घालवून बसले.

म्हणजे उरलात तुम्ही. खेळाडूंची यादी सकाळी सव्वानऊला गुणलेखकांच्या टेबलावर जाते. बारा नावं आणि खाली तुमची सही. शिडीचं नाव लिहू नका. तुम्हाला हरणं सोसत नाही, मला माहीत आहे. तुमच्यावर अजून माझी माया आहे, आणि त्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

मी टेबलाच्या मागे, पहिल्या रांगेत असेन. यादीत तिचं नाव दिसलं, तर मी मैदानाच्या मधल्या वर्तुळात जाऊन आडवी होईन. शिट्ट्या वाजू देत, लोक हसू देत, तुम्ही नावाने हाका मारा. मी उठणार नाही. तुमच्या हाताखाली शिकलेली एक तरी मुलगी पडून राहिलेली सगळ्यांना दिसू दे.

तुमच्या फोटोतली मुलगी