वाटेवरचा भात

५ ऑक्टोबर, रविवार

माकड चावलं! सहा-सात वर्षांच्या मुलीला, आणि तेही आमच्या वाटेवर!

मी पुलाजवळच्या चरातला पाचोळा उपसत होते. तो तुंबला की पाणी वाटेवरून धावतं आणि पायऱ्यांखालची माती घेऊन जातं. तेवढ्यात किंकाळी ऐकू आली. पोरगी मनगट धरून उभी, आई पांढरीफटक. आणि फांदीवर पोरीची पिशवी घेऊन बसलेली कोण, तर आमची फाटक्या कानाची! इतकी वर्षं मी इथे राबतेय, ही माकडीण कधी कुणाच्या वाऱ्याला उभी राहिली नाही.

मिसेस कोह, वाट सांभाळणाऱ्या आमच्या स्वयंसेवक गटाच्या प्रमुख, लगेच इथल्या 'लाह' जोडायच्या इंग्रजीत म्हणाल्या, "समबडी फीडिंग देम, लाह." हे चालू राहिलं तर माकडिणीला पकडून मारतील आणि वाट बंद करतील. शहर नव्हतं तेव्हापासूनची झाडं आहेत इथली. कुणाच्या तरी मूर्खपणापायी सगळं बंद!

घरी येऊन, पुण्याहून माझ्याकडे राहायला आलेल्या बाबांसमोर खूप बडबडले. ते माझ्याबरोबरच आले होते, नेहमीसारखे पुढे फिरत. "खोल चावली का गं?" एवढंच विचारलं आणि ताटावरून उठले. जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेला हा कडक माणूस म्हातारपणी किती हळवा झालाय!

७ ऑक्टोबर

ऑफिसात लक्ष नाही. ती किंकाळी कानातून जात नाही. आणि बाबा विचारतात, "इथे जंगलात कावळे का नाहीत?" म्हटलं, बाबा, मी माकडांच्या काळजीत आहे, कावळ्यांचं कुठे काढता!

१२ ऑक्टोबर, रविवार

सापडलं. गेल्या वर्षी तो प्रचंड वृक्ष आडवा झाला तेव्हा आम्ही वाटेपुरता कापून बाकी तसाच ठेवला होता. त्या ओंडक्यामागे पानावर भाताचा गोळा.

"सेव्हन्थ मंथ ओव्हर ऑलरेडी," मिसेस कोह म्हणाल्या. त्यांच्याकडे त्या चिनी महिन्यात पितरांना जेवण ठेवतात. माझ्याही जिभेवर तेच होतं, हे चिनी लोक म्हणजे ना! मग खाली वाकले. भातात काळे तीळ.

पिंड! अहो, हा तर आपला पिंड! गुपचूप पिशवीत भरला आणि म्हटलं, "असेल कुणी उशिरा ठेवलेला." चक्क खोटं बोलले. आमच्या गटात माझ्याशिवाय मराठी एकच, क्लेमेंटीला राहणारा अवधूत. गेल्याच महिन्यात अचानक पुण्याला जाऊन आला, का ते सांगितलं नाही.

१३ ऑक्टोबर

अवधूतला फोन केला. फार गोड आवाजात म्हटलं, "वडिलांचं काही करायचं राहिलं असेल तर मी समजू शकते रे."

"सुलेखाताई, माझे बाबा जिवंत आहेत! काल तासभर बोललो. मी साखरपुड्याला गेलो होतो."

धरणीमाता, पोटात घे!

१९ ऑक्टोबर, रविवार

उद्या दिवाळी.

ओंडक्याच्या अलीकडच्या पायरीची फळी सैल झाली होती, ती ठोकायला एकटीच पुढे गेले. वाकून पाहते तर बाबा! कोटाच्या खिशातून माझाच छोटा डबा काढला, पानावर भात ठेवला, तीळ टाकले. मग दोन पावलं मागे सरकून वर बघत राहिले. हातोडी माझ्या हातून पडली.

आयुष्यात सत्यनारायणाला न बसलेला माणूस! आईच्या दहाव्याला दुपार कलली तरी कावळा पिंडाला शिवेना. मी उन्हात रडत एकेक कबूल करत होते — आई, बाबांना सांभाळीन, आई, तुझी तुळस नेईन. तेव्हा हेच म्हणाले होते, "कावळ्याला भूक नसेल." शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. मी किती दिवस बाबांशी बोलले नव्हते.

मी ओरडलेच. "आईसाठी? आत्ता? आणि माझ्या वाटेवर? त्या पोरीला तुमच्यामुळे माकड चावलं!"

"आईसाठी नाही," बाबा म्हणाले. "माझ्यासाठी."

"म्हणजे?"

"प्रयोग होता. इथला कावळा काय खातो ते बघत होतो. दहीभात झाला, वडा झाला. तू त्या दिवशी उन्हात उभी होतीस ना, तसं पुन्हा नको. माझा विश्वास नाही गं. पण तुझा आहे."

"पण आत्ता कशाला हे?"

"जुलैमध्ये पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं. लिव्हर. म्हणून तर आलो."

जुलै! आणि मी याच माणसाला रोज विचारत होते, जेवत का नाही नीट, माझ्या हाताला चव नाही का!

२० ऑक्टोबर

पणत्या लावल्या. बाबांनी विचारलं, "आपल्या इमारतीखालीच ठेवलं असतं, पण पक्ष्यांना खायला घातलं तर दंड, आणि तिथे कॅमेरे आहेत ना?" मी हसले आणि मग रडले.

२६ ऑक्टोबर, रविवार

बाबांनी हट्टच धरला, स्वतः जाऊन सांगणार. सांगितलं. मिसेस कोह लालबुंद झाल्या. वन खात्याला कळवणार म्हणाल्या, कळवलंही. बाबांनी मुलीच्या आईचीही फोनवर माफी मागितली. तिने फोन ठेवून दिला.

पण का ठेवत होते ते ऐकल्यावर मिसेस कोह बाबांशेजारी येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "अंकल, व्हाय यू नेव्हर आस्क मी? क्रो वेअर गॉट कम फॉरेस्ट? क्रो गो हॉकर सेंटर, लाह!"

बाबांचे डोळे लकाकले. जुने, वर्गातले डोळे!

१ नोव्हेंबर

हॉकर सेंटरच्या, म्हणजे इथल्या खाऊगल्लीच्या, बाहेरच्या टेबलाशी सकाळभर बसलो. लोकांच्या ट्रेवर कावळा काय उचलतो ते बाबा बघत होते. भाताला ढुंकून बघत नाही. बटाट्याचा, करंजीसारखा करी पफ मात्र सोडत नाही. "निष्कर्ष निघाला," म्हणाले. मी म्हटलं, बाबा, पुरे हो. त्यांनी माझी कॉफीही पिऊन टाकली.

२८ डिसेंबर, रविवार

फाटक्या कानाची आज लांबूनच गेली, आमच्याकडे पाहिलंही नाही. वाट उघडी राहणार! बाबांना चालवत नाही. घरी येऊन सांगितलं तर माझा हात दाबला.

३१ जानेवारी, शनिवार

बाबांचा दहावा. बाहेरच्याच टेबलावर ट्रे ठेवला, ट्रेवर करी पफ. मागून एक आजीबाई ओरडल्या, "रिटर्न युअर ट्रे, लाह!" त्यांना "वन मिनिट" म्हणायला वळले आणि पुन्हा पाहिलं, तर पफ घेऊन कावळा छपरावर.

काय काय कबूल करायचं ठरवून गेले होते. मी अजून नीट उभीही राहिले नव्हते.