निळ्या वेण्या आणि उलटी बाही

ती. ताईस,

वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, म्हणून बसल्या जागेवरूनच). तुझे गुडघे काय म्हणतात? मोबाईलवर तोंड दाखवलंस तर माझ्याशी बोलू नकोस, असं तू बजावलंस आणि फोन उचलणंच सोडलंस. तू बोलत नाहीस तर मला करमत नाही गं. आणि देवाशपथ सांगते, मी तोंड दाखवलेलंच नाही. म्हणजे मुद्दाम तरी नाही. आधी सगळं ऐक, मग काय तो राग धर.

झालं असं, की लेक दिवसभर मोबाईलवर एका निळ्या केसांच्या चित्रातल्या मुलीचं गाणं बघत बसायची. ही मुलगी जगात नाहीच. आत कुणीतरी बोलतं आणि बाहेर चित्राचे ओठ हलतात. मी ओरडायला गेले आणि तिथेच बसले. लेकीने तिला लिहून कळवलं, आई चिडली आहे. तर ती गाणं थांबवून म्हणते, काकू, रागावू नका, आधी पाणी प्या. टीव्हीवरच्या बायका इतकी वर्षं माझ्या घरात येऊन रडतायत, एकीने कधी मला पाणी विचारलं नाही. लोक हिच्यामागे वेडे का होतात ते मला तिथल्या तिथे कळलं (पाणीही प्यायले).

मग लेकीने मलाही तसलं तोंड करून दिलं. टपोरे डोळे, निळ्या वेण्या, सुरकुती औषधाला नाही. दुकान बंद केलं की मी मोबाईल समोर लावून शिलाई मशीनवर बसते आणि माणसं आपापल्या घरून मोबाईलवर बघायला येतात. काय बघतात म्हणशील, तर मी पँटची शिवण उसवते ते बघतात. परवा खाली पडलेली बॉबिन उचलायला मी टेबलाखाली वाकले. त्या मोबाईलला समोर एक तोंड लागतं, मग ते कुणाचंही चालतं. नेमके आमचे हे बनियनवर, खांद्यावर टॉवेल टाकून, जांभई देत आले. झालं. निळ्या वेण्या यांना चिकटल्या, खाली मिशी तशीच, आणि टपोऱ्या पापण्या फडफडवत हे विचारतायत, माझा चष्मा कुठे ठेवलास. मी वर आले ती आहे त्या तोंडाने, दातांत टाचण्या धरून. मी रडकुंडीला आले, वाटलं आता सगळे उठून जातील. तर ती माणसं हसून हसून लोळतायत, काकू उद्याही या, काकांनाही आणा असं लिहितायत. बसवलेलं नाटक लोकांनी पुष्कळ पाहिलंय गं. पुढे काय होणार हे बघणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि मोबाईलमधल्या बाईलाही नाही, यातच सगळी गंमत आहे. आता हे रोज जांभईचा सराव करतात, पण मुद्दाम दिलेल्या जांभईला कुणी हसत नाही, म्हणून रुसून बसलेत.

तेव्हा ते तोंड दिसलं ते चुकून. आता राग सोड.

तुझी,
धाकटी

ता. क. ‘जुनी सुई’ नावाचं कुणीतरी रोज सगळ्यांच्या आधी येऊन बसतं. कौतुकाचा एक शब्द नाही. पाठ ताठ ठेव, बाही उलटी लावतेयस, टाचण्या तोंडात धरू नकोस, एवढंच लिहितं. टाचण्यांवरून मला आजवर एकाच बाईने धपाटे घातलेत.

आणखी ता. क. लेकीने आता दोन तोंडांची सोय केली आहे. तुझ्यासाठी हिरव्या वेण्या ठेवल्यात. बोलू नकोस हवं तर, नुसती शेजारी येऊन बस.

आणि बाही मला सरळ लावता येते. पण सरळ लावली त्या दिवशी तू काहीच लिहिलं नाहीस.