आईकडे राहिलेले नाव

वेस्टरहाफेन, हॉलंड
२ जुलै

चि. सौ. म्युरिएल हीस लुडविखदादाचे अनेक आशीर्वाद.

येथील सर्व क्षेम आहे, असे लिहिण्याची प्रथा आहे. ती मोडण्याइतका मी क्रांतिकारक नाही. मायदेशी पारामारिबोकडील हालहवाल आणि जावईबापूंच्या गुडघ्याचे वर्तमान कळव.

प्रथम तुझ्या बंधूचा उत्कर्ष ऐक. नगरपालिकेने तिकडच्या डच मळ्यांवरील गुलामांच्या वंशजांचे एक सल्लागार मंडळ स्थापून अध्यक्षपदी माझी प्रतिष्ठापना केली आहे. मंडळाला मताधिकार नाही. खुर्च्यांना मात्र मखमली गाद्या आहेत. मागणी आपली जुनीच: निर्णय करणाऱ्या समितीत मतासह जागा, आणि पूर्वजांच्या लुबाडलेल्या श्रमांची भरपाई. उत्तरही जुनेच: "विषय अत्यंत संवेदनशील आहे." इतकी संवेदनशीलता मी आजवर केवळ दाढदुखीत अनुभवली होती.

तूर्त एक कृपा झाली. मालकांनी दिलेले आडनाव आता विनामूल्य बदलता येते. लेमेर नावाच्या गृहस्थाने स्वतःचे नाव उलटे फिरवून आईच्या पणजीला 'रेमेल' केले, आणि आपण ते पिढ्यान्‌पिढ्या सुलटे समजून मिरवले.

पण बदलून घ्यायचे कोणते? पणजीचे मूळ नाव, तिच्या आईने तिच्या कानात सांगितलेले, ते एकट्या आपल्या आईला ठाऊक. लहानपणी पणजीच्या मांडीवर बसून ऐकलेले. आपण किती पिच्छा पुरवला! ती म्हणे, "घरात नाही सांगायची. त्यांच्या सभागृहात, त्यांच्या तोंडावर सांगीन." तू तर लाच म्हणून शेंगदाण्याचे सूप करून घातलेस. सूप संपले, नाव बाहेर आले नाही.

पालिकेच्या सभागृहात आपले म्हणणे ऐकण्याची सुनावणी आधी वसंतात ठरली, मग हिवाळ्यात ढकलली, मग निवडणुका आल्या. उपमहापौर ताल्समाबाई दर वेळी म्हणत, "इतकी वर्षं थांबलात, रेमेलसाहेब, आता थोडं आणखी." मी मान तुकवीत असे. अध्यक्षाचे ते प्रमुख कर्तव्य होय.

तू फोनवर आईला मागतेस तेव्हा ती नेमकी निजलेली, स्नानाला किंवा प्रार्थनेला गेलेली असते. इतकी धार्मिक आणि इतकी स्वच्छ ती कधीच नव्हती, हे तुझ्या ध्यानी आलेच असेल.

परवा सुनावणी झाली. डोक्याचा रुमाल तिने स्वतः बांधला, आपल्या बायकांची 'बोलू देत त्यांना' या नावाची जुनी घडी घालून. हात काही विसरलेले नाहीत. सभागृह आपल्या माणसांनी भरले होते. ताल्समाबाई वाकून म्हणाल्या, "आजी, सांगता ना नाव?"

आईने भोवताली पाहिले. मग माझ्याकडे, माझ्या छातीवरच्या पालिकेच्या बिल्ल्याकडे.

"साहेब, तुम्ही पालिकेचे का हो?"

"आई, मी लुडी."

"लुडी माझा मुलगा. हुशार आहे, पण तोंड मिटत नाही मेल्याचं."

लोक हसले. मीही हसलो.

"नाव मी त्याला सांगून ठेवलंय," ती म्हणाली. "येईलच तो. त्यालाच विचारा."

म्युरिएल, मला तिने काहीही सांगितलेले नाही. तुला सांगितले होते का? कधी केस विंचरताना, चुकून, अर्धेमुर्धे तरी?

ताल्समाबाई खरोखर गहिवरल्या. त्यांनी पुढची तारीख देऊ केली.

आता ती माझ्यासमोर बसली आहे. मधूनमधून कॉफीचा आग्रह करते आणि अदबीने म्हणते, "थोडं थांबा साहेब, वेळ पाळणारा आहे तो." मी पुनःपुन्हा "मीच लुडी" म्हणून पाहिले, पण ती घाबरते, म्हणून सोडून दिले. आता "थांबतो" म्हणतो. एवढ्या एकाच विद्येत मी निष्णात आहे.

तिकीट काढ. रुमाल बांधून ये. तुला पाहून कदाचित काही आठवेल. न आठवले तर आपण दोघे मिळून थांबू.

आईच्या मुलाची वाट पाहणारा,
तुझा दादा